दस्तीमामा आणि आमची खाण

पहिल्याच भेटीत मी दस्तीमामांचा जमत आलेला सौदा हसून मोडला. केजच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू व्हायला नुकताच आलो होतो, घरात दुभती गाय हवी होती, आणि गुरांच्या बाजारात मामांना विचारल्याशिवाय दावं सुटत नाही असं जो तो सांगत होता. आमच्याकडे गुरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर दस्ती टाकतो, म्हणजे रुमाल, आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरून आकडा सांगतो. भोवती गर्दी असली तरी भाव दोघांनाच कळतो. मामांनी माझा हात दस्तीखाली घेतला, तीन बोटं दाबली, आणि मला गुदगुल्या झाल्या. मी खदखदून हसलो नि हात ओढून घेतला. गायवाल्याला वाटलं, मी त्याच्या गायीला हसलो. तो गाय घेऊन चालता झाला. मामा शांतपणे दस्ती झटकत म्हणाले, "मास्तर, तुमाला गाय घ्यायची हाय का नुसतं करमणुकीला आलात?"

मामा उंच, वाळके, मिशा पिकलेल्या. खांद्यावर लाल दस्ती आणि बुडाखाली एक म्हातारं तट्टू. त्यांची नजर अशी की जगातली कुठलीही वस्तू ती आधी बैल म्हणूनच पाहायची. नवा जावई दिसला की म्हणायचे, "चाल बरी हाय, खांद्याला कमी हाय." आमच्या हेडमास्तरांशी माझी ओळख करून देताना त्यांनी सांगितलं होतं, "दाताला कवळा हाय, एकदम जुंपू नका." हेडमास्तरांनी ते फार मनावर घेतलं नाही. मला पहिल्याच दिवशी चार वर्ग दिले.

याच नजरेनं मामांनी एकदा खाण पारखली. तेलंगणाकडच्या एका अभ्रक कंपनीचा माणूस हिस्से, म्हणजे शेअर, खपवत आमच्या गावी आला. त्याच्याजवळ अभ्रकाचा तळहाताएवढा पापुद्रा होता, काचेसारखा आरपार. मामांनी तो वाजवून पाहिला, हुंगला, उन्हात धरला, वाकवला, सोडला. मग म्हणाले, "खोड न्हाई." बाजारात मामांनी खोड नाही म्हटलं की लोक पुढचं विचारत नसत. वीसेक घरांनी निजामाच्या दहा दहा हाली रुपयांचे हिस्से घेतले. मोहरमच्या ताबुतांना अभ्रक लावणारे करीमचाचा तर म्हणाले, "अपनी खान का माल, अपने ताबूत कू." फुटाण्याची भट्टी चालवणाऱ्या काशीअक्कांनी नवऱ्यामागं राहिलेलं होतं तेवढं घातलं. मी बायकोच्या पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे घातले. तिला सांगितलं, पाटल्या जमिनीतूनच यायच्या आहेत, जरा वेळ लागेल.

खाण कुणी पाहिली नव्हती, पण दोन वर्षं आम्ही तिच्याविषयी घरच्यासारखं बोलत होतो. पाऊस लांबला की करीमचाचा म्हणायचे, खाणीला बरं आहे, पाणी भरणार नाही. शेतकऱ्याच्या तोंडावर असं बोललेलं मामांना खपायचं नाही.

मग एक दिवस कागद आला. वाचायला माझ्याकडे आणला. हैदराबादेची कुणी मोठी पेढी आमची कंपनी घेऊ पाहत होती, आणि दहाच्या हिश्शाला चार रुपये देत होती. मामा बसत त्या पारावर मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. करीमचाचा म्हणाले, "चार? इत्ते में तो बकरी की रस्सी बी नै आती."

मामा तेवढे खुशीत होते. "पैला भाव हाय ह्यो," ते म्हणाले. "पैला भाव कुणी इकायसाठी सांगतं का? मालकाचं तोंड बघायसाठी सांगत्यात. आपुन तोंड दाखवायचं न्हाई." मी सांगितलं की कागदात मुदत लिहिली आहे, मुदतीनंतर काही मिळणार नाही असंही लिहिलं आहे. मामा म्हणाले, "गिऱ्हाईक दर बाजारी म्हनतंय, आता चाललो म्हून. गेलेलं कदी बगितलं का तुमी?" कुणी एकट्यानं विकायचं नाही, असं त्या दिवशी ठरलं.

महिन्याभरात पेढीचा मुख्त्यार स्वतः आला. शेरवानी घातलेला, अत्तराचा वास येणारा, अतिशय नम्र माणूस. मामांनी त्याला भर बाजारात उभं केलं आणि हातावर दस्ती टाकली. त्या बिचाऱ्याला वाटलं, ही आमच्याकडची स्वागताची रीत. त्यानं दस्तीखाली मामांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मायेनं धरूनच ठेवला. मामा बराच वेळ आकड्याची वाट पाहत उभे राहिले. शेवटी आमच्याकडे वळून म्हणाले, "ह्येला भावच ठाव न्हाई बे. नवरदेवावानी नुसता हात धरून बसलाय."

मुख्त्यारानं हसून सांगितलं की चारच्या वर एक पैसा द्यायचा त्याला अधिकार नाही. दोन दिवस तो मुसाफिरखान्यात आहे, ज्यांना विकायचं त्यांनी यावं. मामांना हा डाव ओळखीचा होता. बाजार उठताना थकलेला विकणारा एकटा गाठायचा, म्हणजे तो पडेल भावाला देतो. मामांनी कुणाला अडवलं नाही. ते फक्त सकाळी उठून मुसाफिरखान्याच्या ओसरीवर जाऊन बसले. मुख्त्याराला घरची भाकरी आणली, त्याच्या घोड्याच्या पायाला पट्टी बांधली, आणि दोन दिवस तिथून हलले नाहीत. आत शिरायची वाट त्यांच्यासमोरून होती. करीमचाचा आले, मामांना पाहून थबकले आणि पाहुण्यांना आमचं पाणी मानवलं का ते विचारून परतले. मीही गेलो होतो. हिश्शाचा कागद कोटाच्या आतल्या बाजूला होता. मामांनी माझ्या कोटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं आलात. पाव्हन्याला इंग्रजीत इचारा, जेवला का." मी विचारलं. तो जेवला होता. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काशीअक्का आल्या. त्यांनी पदराआड काही लपवलं नव्हतं. हिश्शाचे कागद हातातच होते. "मामा, मला इकायचेत," त्या म्हणाल्या. "पोराचा ताप उतरंना. जालन्याच्या दवाखान्यात न्यायचाय. मला तुमच्या दुसऱ्या भावापतोर थांबता यायचं न्हाई."

मामांनी त्यांचे कागद हातात घेतले, त्यांना तिथंच बसवलं आणि तट्टू घेऊन बाहेर पडले. घटकाभरानं परत आले ते पायी. हिश्शाला दहाप्रमाणे पैसे त्यांनी काशीअक्कांच्या ओटीत घातले. त्या सौद्यात दस्ती निघाली नाही. मुख्त्यार दारात उभा राहून पाहत होता; त्यानं मामांना वाकून आदाब केला आणि संध्याकाळी गाव सोडलं. पोरगं बरं झालं. त्यानंतर मामा बाजारोबाजार पायीच हिंडले.

आठ महिन्यांनी दुसरा कागद आला. सात रुपये. मी वाचता वाचता उभा राहिलो. करीमचाचांनी माझ्या पाठीत थाप मारली. "दलालसाब, तुमारा कहना सच निकला. अब दे डालो."

मामा म्हणाले, "आता तर कुठं रंगात आलंय. गिऱ्हाईक तीनदा माघारी वळल्याबिगर बैल इकत्यात का? ही दुसरी खेप हाय." माझ्याखेरीज सगळी बाजारात वाढलेली माणसं. तीनदा वळायचं ही रीत कुणाला ठाऊक नव्हती? मान डोलावून सगळ्यांनी होकार दिला, त्यात माझी मान सगळ्यांत जोरात हलत होती. मामांनी उत्तर सांगितलं, "लिवा, माल गोठ्यात हाय." म्हणजे, अजून विकायला काढलेला नाही. मी ते इंग्रजीत लिहिलं. कसं लिहिलं ते विचारू नका. गोठ्याला मला त्या वेळी जो शब्द आठवला तो अगदीच डुकरांच्या घराचा होता, हे मला पत्र टपालात टाकल्यावर कळलं.

तिसरा कागद आला नाही. वर्ष गेलं, मग आलेल्या एका प्रवाशाकडून कळलं की खाणीत पाणी भरलं आणि पेढीनं दुसरीकडची खाण घेतली. आमचे हिस्से पेटीतल्या जुन्या पत्रिकांशेजारी जाऊन बसले.

मामा त्या वीस घरांत एकेक करून गेले. "शब्द माजा हुता," एवढंच म्हणायचे. पुढं या घरांच्या गुरांच्या सौद्यात त्यांनी दलाली घेणं सोडलं. मग आमची पंचाईत झाली. म्हाताऱ्याचं पोट त्या दलालीवर, म्हणून आम्ही लपूनछपून दुसऱ्या दलालाकडं जाऊ लागलो. ते कळल्यावर मामा चिडले. करीमचाचांना भर बाजारात म्हणाले, "कावून बे करीम, माजा हात बाटला का?" तेव्हापासून करीमचाचा गरज नसताना दरसाल एक बकरी मामांच्या हातून घ्यायचे आणि दुसऱ्या बाजारी मामांच्याच हातून विकायचे. दलाली मात्र दोन्ही वेळा नाही ती नाहीच.

मला एक गोष्ट आत सलत राहिली. सगळं गाव दोष मामांचा मानत होतं, मामाही स्वतःचाच मानत होते, आणि मला वाटत होतं की पेढीनं तोंड फिरवलं ते माझ्या पत्रामुळं. माल डुकरांच्या घरात आहे असं लिहून आल्यावर घेणारा कशाला तिसऱ्यांदा विचारील? मामा अखेरच्या दुखण्यात पडले तेव्हा मी त्यांच्या खाटेशी बसून हे कबूल केलं. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, तिसरा कागद आला आसता तरी म्या चवथ्याची वाट बगितली आसती. मला भाव चढवायला येतं, कुठं थांबायचं ते न्हाई येत." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "काशीच्या पोराचं लगीन हाय म्हनं. जावा तुमी."

दोन दिवसांनी मामा गेले. खांदा द्यायला ती वीसही घरं होती, आणि काशीअक्कांचा पोरगा सगळ्यांत पुढं.

घरी येऊन आंघोळ केली, पण मन लागेना. बायकोपाशी बसलो आणि इतकी वर्षं दडवलेलं सगळं सांगून टाकलं. पत्रातला तो शब्द, पेढीचा राग, बुडालेले वीस जण, तिच्या पाटल्या. मामांनी कितीही सांगितलं तरी माझ्या इंग्रजीनं खाण बुडवली असं मला वाटतं, म्हणालो. ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली,

"उगीच मोठेपणा घेऊ नका. तुमच्या इंग्रजीनं इतक्या वर्षांत एक पोरगं पास झालं नाही, खाण कुठून बुडायची?"