मामांची उष्टी सिगारेट

देवाने माणसाला दहा बोटं दिली ती सिगारेट वळण्यासाठी. जेवणं, लिहिणं, नांगर धरणं ही कामं ती आपली फावल्या वेळात उरकतात, असं छातीठोकपणे मानणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत एकच होऊन गेला आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे नात्याने माझे मामा. पलटणीतून सुभेदार होऊन कऱ्हाडजवळच्या मलकापूरला परतले, तेव्हा लोकांनी विचारलं, लढाईतून काय आणलंत? मामांनी बिल्ले नाही दाखवले. खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली. पातळ कागदाची पट्टी बोटांत धरून तिच्यावर तंबाखू पसरली, अंगठ्यांनी मागेपुढे करत गुंडाळी केली, कागदाच्या काठावरून जिभेचं टोक अल्लाद फिरवलं आणि सिगारेट तयार! इटलीत एका गोऱ्या शिपायाने शिकवलेली ही विद्या. बाकी अख्खी लढाई मामा विसरले होते.

या विद्येचे सोहळे काय सांगावेत! तंबाखू सुकू नये म्हणून डबीत पेरूची फोड असायची. घरात पोरांना पेरू मिळो न मिळो, डबीला पहिला. कागद पुण्याच्या कॅम्पातून यायचे. एकदा ते वेळेवर आले नाहीत, तर मामांनी पतंगाचा कागद कापला आणि संक्रांतीभर चावडीवर बसून गुलाबी सिगारेटी ओढल्या. कऱ्हाडहून साताऱ्याला येताना एसटीत वळायला घेतली की कंडक्टरला दम भरायचे, "थांब रं गड्या, जीभ लावू दे, मग दे घंटी!" आणि तोही मुकाट थांबायचा. मी तेव्हा साताऱ्याला नोकरीला होतो. मामा येणार म्हटलं की माझी पाकिटातली सिगारेट मी आधी लपवायचो, कारण ती दिसली की कीर्तन सुरू व्हायचं. "पाकिटातली म्हंजी हाटेलातलं जेवान. प्वाट भरतं, पर कुनी रांधलं त्येचा पत्त्या न्हाई. बिडी लय रुसकी, जरा नजर हलली की इझली. चिलीम म्हंजी सोसायटी, वडनारं धा आन् खोकनारा येक. तपकीर हे नाकानं जेवायचं काम. आन् तंबाखू मळून खानारा? त्यो मानूस न्हवं, ती शेळी! दिसभर आपली रवंथ." आत्या रोज सकाळी मिश्री लावायची. तोंडातलं बोट काढून ती तिथूनच म्हणायची, "आन् तुमी वो? मांजरावानी कागुद चाटताय ते?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण घरात मामांची लेक शकू लग्नाची होती. पोरगी गुणाची, दिसायला नीटस, आणि तिची स्थळं मामा या तंबाखूपायी घालवत होते. एका मुलाने बैठकीत बिडी उलटी पेटवली म्हणून नापास. दुसरा बिचारा निर्व्यसनी निघाला, तर "हातांचा उपेग काय ह्याला?" म्हणून नापास. आत्याने देव पाण्यात ठेवले होते. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा आटपाडीकडचं एक स्थळ आलं. मुलगा माधवनगरच्या गिरणीत फिटर. त्याने शकूकडे आणि शकूने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की पोह्यांचं कुणाला भानच राहिलं नाही. मामांनाही मुलगा पसंत पडला. इतका, की त्या भरात त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. डबी उघडली, दुसऱ्या माणसासाठी सिगारेट वळली, मन लावून जीभ फिरवली आणि दोन्ही हातांनी मुलाच्या वडिलांपुढे धरली.

मुलाचे वडील म्हणजे माणदेशी गडी. मोठं पागोटं, भरघोस मिशी, कमरेला तंबाखूची चंची. त्यांनी सिगारेटीकडे पाहिलं, मामांच्या जिभेकडे पाहिलं.

"ही उष्टी हाय न्हवं?"

"मिलिट्रीत ह्याला मान म्हंत्यात, पावनं," मामा अभिमानाने म्हणाले.

"आमच्यात ह्याला उष्टं म्हंत्यात," असं म्हणून पाहुणे उठलेच! पायात वहाणा सरकवल्या. मुलगा अर्धवट उभा, अर्धवट बसलेला. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. मामांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. अहो, त्या माणसाने आपल्या जवळची सगळ्यांत मोलाची वस्तू दिली होती, आणि तिच्यापायीच पोरीचं लग्न मोडत होतं.

एवढ्यात आत्या पदर खोचून बाहेर आली. "आवं पावनं, बसा की! त्येंची अक्कल त्या डबीत ऱ्हाती. तिच्यावर आमच्या लेकीला तोलू नगा."

पाहुणे थबकले. परत बसले. चंची सोडून त्यांनी तंबाखू काढली, चुना लावला, सावकाश मळली, टाळी देऊन भुकटी उडवली आणि तळहात मामांपुढे केला. "घ्या. आमच्याकडं सोयरीक हिच्यावर ठरती."

शेळीचा खुराक! मामांनी एकदा तळहाताकडे पाहिलं, एकदा आतल्या दाराकडे. मग चिमूट उचलली आणि औषधासारखी तोंडात टाकली. ओठात धरायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते चावत राहिले. डोळे लाल झाले, कपाळावर घाम फुटला, उचकी लागली.

पाहुणे घाबरले. "आवं सुभेदार, थुका की! थुकायची असती ती!"

मामांनी डोळे मिटले आणि घटकन गिळली. "सोयऱ्यानं दिल्यालं थुकत न्हाई," म्हणाले आणि तक्क्यावर आडवे झाले.

पाहुणे असे हसले, की पागोटं मांडीवर आलं. साखर तिथेच वाटली गेली. मामा दुपारभर ताक पीत पडून होते आणि अधूनमधून विचारत होते, "आढं फिरायचं थांबलं का? आन् शकीचं जमलं न्हवं?"

त्या दिवसापासून हे दोघे व्याही जिवाभावाचे झाले. आटपाडीहून व्याही आले की दोघं ओट्यावर बसून एकमेकांच्या तंबाखूची यथेच्छ निंदा करायचे. मामा मुद्दाम एक वळून पुढे करायचे. "उष्टी वडली तर मिशी काढीन," असं म्हणून व्याही ती परत सारायचे.

पुढे मामांच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी ओढायला बंदी केली, तशी त्यांनी ओढणं सोडलं, पण वळणं काही सुटेना. खाटेवर पडल्या पडल्या वळायचे, जीभ लावायचे, वास घ्यायचे आणि आत्याच्या हातात द्यायचे. ती चुलीत टाकायची. मग मामा गेले.

दहाव्याला व्याही आले, तेव्हा आत्याने डबी त्यांच्या हातात दिली. "कृष्णेत सोडा. माज्यानं हुईना." व्याह्यांनी झाकण उघडलं. सुकलेल्या पेरूच्या फोडीशेजारी एक सिगारेट होती, वळून ठेवलेली.

"त्येंनीच वळल्याली?"

"व्हय. शेवटची. चुलीत टाकाया हात झाला न्हाई."

व्याह्यांनी माझ्याकडे काडेपेटी मागितली. त्यांना धड पेटवताही येईना. मीच काडी धरली. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला, की डोळ्यांतून धारा वाहायला लागल्या. त्या नुसत्या धुराच्या नव्हत्या, हे आम्हाला दिसत होतं.

"टाका आवं ती," आत्या कळवळून म्हणाली.

व्याह्यांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. "सोयऱ्यानं दिल्यालं टाकत न्हाई, विहीणबाई," म्हणाले आणि बोटांना चटका बसेपर्यंत ती ओढत राहिले.