पाऊच का पेटी?

मला सांभाळून घेतलं ते आमच्या पॅकहाउसच्या मुकादमबाईंनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिकत सांगताना माझा गोंधळ होणार आणि त्यात त्या मागं पडल्या तर बरं दिसणार नाही. सगळे त्यांना मुकादमबाई म्हणत. मी मावशी म्हणायचो.

कुणी कसलाही आकडा सांगितला, की कमरेवर हात ठेवून, मान जरा तिरकी करून त्या विचारायच्या, "पाऊच का पेटी?"

त्याला कारण होतं. नारायणगावजवळच्या त्या पॅकहाउसात द्राक्षं अर्ध्या किलोच्या पाऊचमध्ये भरली जात आणि असे आठ पाऊच बसले की चार किलोची पेटी होई. भरणाऱ्या बायका पाऊच मोजत, शेठ पेट्या मोजत. "आज दोनशे झाले," असं कुणी नुसतं म्हटलं की भांडण ठरलेलं. म्हणून बाईंना ती सवय लागली, आणि मग ती सुटेचना. एकजण म्हणाला, पुतणीच्या लग्नाला शंभर आले होते. बाईंनी विचारलं, "पाऊच का पेटी? माणसं शंभर का घरं शंभर?" लेण्याद्रीच्या पायऱ्यांचा आकडा कुणी सांगितला तरी हाच प्रश्न. अशी माणसं तुमच्याही कामाच्या ठिकाणी असतील. आपण हसतो आणि आपलं काम करत राहतो.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली आणि मजुरांच्या टोळीबरोबर द्राक्षाच्या हंगामाला इकडं आलो. शेठचा कॉम्प्युटरवाला लग्नाला म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. त्याचं बघून बघून मला लेबलं टाइप करता येत होती, म्हणून त्याच्या खुर्चीत मला बसवलं. बसलो खरा, पण धास्तावूनच. माळ्यावरची झोपायची जागा आणि दोन वेळचं जेवण त्या खुर्चीला बांधलेलं होतं. ती गेली तर मी कुठं जाणार होतो? बाई मला नावानं हाक मारत नसत. "एवढ्या लांबनं आलाय, म्हंजी पावणाच की," म्हणायच्या, आणि स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवायच्या.

त्या वर्षी ऑफिसात इंटरनेटची नवी लाइन आली. जोडणारा सांगून गेला, "एकशे अठ्ठावीसची आहे, पळंल मस्त." एकशे अठ्ठावीस काय, हे मी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली.

मग एका दुपारी कंटेनर भरला. पेट्यांचे फोटो आणि कागदपत्रं अशी एक मोठी फाइल मुंबईच्या एजंटाकडं पाचच्या आत चढवायची होती. नाही गेली तर कंटेनर बोटीला मुकणार आणि बाहेरदेशी निघालेला माल इथल्याच बाजारात ओतावा लागणार.

"काय रं किनवट, किती टाइम लागंल?" शेठनी विचारलं.

मी कागदावर मांडलं. फाइल पंधरा एमबीची, म्हणजे पंधरा हजार केबी. लाइन एकशे अठ्ठावीसची. भागाकार केला. "दोन मिनिटं, शेठ."

शेठनी लगेच एजंटाला फोन लावला. "दोन मिंटात येतंय, राव."

दोन मिनिटं झाली. निळी पट्टी जरा कुठं हलली होती. खाली वेग दाखवत होता सोळा. मला वाटलं, लाइन अडकली. मी बंद केलं आणि पहिल्यापासून चालू केलं. पुन्हा तेच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दर वेळी पट्टी तेवढीच सरकायची आणि दर वेळी मीच ती पुसून टाकायचो. घड्याळ मात्र पुढं चाललं होतं.

शेठचा आवाज चढला. "एकशे अठ्ठावीसची लाइन आन सोळा दावतीय? तू काय इस्कटून ठेवलंस त्यात? माल राहिला ना, तर उद्या सकाळच्या यष्टीनं किनवटला जायचं. समजलं का?"

तेवढ्यात कोल्डमधून, पेट्या गार ठेवायच्या खोलीतून, बाई आल्या. त्यांना लेबलं हवी होती. माझं तोंड बघून लेबलं राहिली बाजूला.

"काय झालं, पावणं?"

"मावशी, एकशे अठ्ठावीस म्हणाले होते, आणि सोळाच येतंय."

बाईंनी कमरेवर हात ठेवला. मान तिरकी झाली. "एकशे अठ्ठावीस काय? पाऊच का पेटी?"

शेठ ओरडले, "मुकादमबाई, हितं चेष्टा नका करू!"

"चेष्टा न्हाई, शेठ. इचारते. लाइनवाल्यानं काय मोजून दिलं आन ह्यो डबा काय मोजतोय, कुणाला ठावं?"

कुणालाच माहीत नव्हतं. बाईंना तर अजिबातच नव्हतं, सवयीनं विचारलं होतं. पण मी कधी नव्हे ती लाज सोडली आणि लाइनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, लाइन बिटमधी असते. फाइल बाइटमधी. आठ बिटांचा एक बाइट."

मी फोन हातात धरून तसाच म्हणालो, "मावशी, आठाची एक."

"आठाची?" बाई हसल्याच. "मंग आपलीच पेटी की ती! एकशे अठ्ठावीस पाऊच म्हंजी सोळा पेट्या. लाइन बराबर हाय, शेठ."

फाइल पेट्यांत मोजलेली होती आणि मी तिला पाऊचच्या आकड्यानं भागलं होतं. सोळानं भागलं तर सोळा मिनिटांच्या आतबाहेर यायचं. पाच वाजायला वीस कमी होते. आता एकदाही बंद करून चालणार नव्हतं.

"लाइनवाले पाऊचमधी का सांगत्यात पण?" बाईंनी विचारलं.

"आकडा मोठा दिसतो," शेठ पुटपुटले. "आमी बी गिऱ्हाइकाला तसंच सांगतो कधी कधी."

पट्टी सरकायला लागली. मध्येच थांबली, तसा माझा हात सवयीनं माउसकडं गेला. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला, कोल्डमधून आलेला, बर्फासारखा गार. "हलवू नगस. पेटी भरतीय." फाइल पोचली असा निरोप येईपर्यंत त्यांनी तो हात उचलला नाही. एजंटाचा फोन आला. "मिळालं. निघा." शेठ चहा सांगायला बाहेर गेले. यष्टीचा विषय पुन्हा निघाला नाही.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. लेक सुरतेला दिलेली, तिला मुलगा झालेला, आणि जावयानं बाळाचा फोटो ऑफिसच्या मेलवर पाठवलेला. मी उघडला. तेव्हा फोटो वरून खाली, पट्टी पट्टी उतरायचा. आधी जावळ आलं. मग कपाळ. मग मिटलेले डोळे. नाकाशी आला आणि लाइन पडली.

बाई बराच वेळ त्या अर्ध्या तोंडाकडं बघत राहिल्या. बाहेर आंबेगावकडं जाणारी जीप हॉर्न वाजवत होती. बाईंच्या गावाकडं रानात हिरडा गोळा करायचे दिवस आले होते.

"चार पाऊच आलं," त्या उठत म्हणाल्या. "ऱ्हायलेलं फुडल्या सालाला बघू. हनुवटी कुणावर गेलीय ते तेवढं बघून ठेव."

पुढच्या साली त्या आल्या नाहीत. कुणी सांगितलं, गुडघे धरले. गाव कोणतं विचारलं, तर एवढंच कळलं, की आहुप्याच्या अंगाला कुठली तरी वाडी.

आता मीही नारायणगावात नाही आणि किनवटलाही नाही. लाइनी शेकड्यांनी मोजल्या जातात. कुणी शंभरची म्हटलं की मी मनात आधी आठानं भागतो, आणि तरी एकदा विचारून घेतो. अजूनही चुकेन अशी धास्ती असते.

तो फोटो दुसऱ्या दिवशी पूर्ण उतरला होता. मी जपून ठेवला आहे. मावशी, हनुवटी तुमच्यावर गेली आहे. एक दिवस मोठा छापून घेऊन त्या अंगाच्या सगळ्या वाड्या विचारत येईन. अख्खी पेटी घेऊन येईन.