यंत्राशेजारची ड्युटी

विमान कंपनीने कामावरून काढल्यावर कशेळीची रंजिता गावाजवळच्या गोदामात खोकी बांधू लागली होती. कंपनीने परत बोलावलं, तेव्हा तिने मुकादमाला तिथल्या तिथे सांगून टाकलं, "उद्यापासून मी येणार नाही." आई ठमाबाईने गावदेवीला नारळ फोडला.

विमानतळावर मात्र तिचा जुना काउंटर बंद होता. तिथे प्रवाशांनी स्वतःच बोर्डिंग पास काढून घ्यायची यंत्रं उभी होती. साहेब म्हणाले, "लोकांना हे वापरायला शिकवायचं. एकदा सवय लागली की त्यांना कुणाची गरज पडणार नाही."

"मग आमचं काय?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

एका आजोबांना काही केल्या जमेना. "बाळ, तूच काढून दे ना," ते म्हणाले. तिला द्यावंसं फार वाटलं, पण साहेब मागेच उभे होते. तिने आजोबांना एकेक बटण दाखवलं. पास बाहेर आला तसे ते हरखले. "आता पुढच्या वेळी माझं मी करीन!"

रंजिता हसली, पण तिची नजर बंद काउंटरकडे गेली.

सुट्टीच्या दिवशी ती गोदामात डोकावली. तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. घरी आल्यावर ठमाबाईने विचारलं, "तोंड का उतरलं गं बाय? परत घेतलं हाय ना तुला?"

"घेतलंय," रंजिता म्हणाली आणि उद्याच्या गणवेशाला इस्त्री करायला बसली.