देवीला वाहायला निघालेली सायकल

रिपोर्ट मंगळवारी येणार होता. पत्नीच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता आणि उत्तर येईपर्यंत आमच्या काल्हेरच्या घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, जणू मोठ्याने बोललं तर ती गाठ ऐकेल. अशा वेळी नवऱ्याने घरात असावं. मी मात्र रविवारी उजाडता उजाडता सायकल काढली. खरं तर तिनेच मला घालवलं. म्हणाली, "इथे बसून माझ्या तोंडाकडे बघत राहू नका. जाऊन या तुमच्या नदीवर." बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

पन्नाशीला आल्यावर मला या सायकलीचं वेड लागलं. जाड, खाचांच्या टायरची, खास कच्च्या वाटांसाठी बनवलेली. दुकानदार तिला ग्रॅव्हल बाईक म्हणाला; आमच्या आळीत, तिच्या हँडलच्या वाकड्या शिंगांमुळे, तिचं नाव बोकड पडलं. "काय काका, बोकड चरायला नेताय का?" असं कोणीतरी दर रविवारी विचारतंच. मी हसून पुढे जायचो. गोदामांच्या मागचा धुरळा आणि यंत्रमागांचा खडखडाट मागे पडला की लाल मुरमाच्या वाटा सुरू होतात. टेकाडावर चढायचं, पलीकडच्या भातशेतांत उतरायचं, पुन्हा चढायचं. चाकाखाली खडी कुरकुरत असते, आणि शेवटच्या उतारावरून तानसा नदी दिसते, झोपेतून नुकती उठल्यासारखी. तिथे मला देव भेटतो असं मी लोकांना सांगायचो. आता वाटतं, मी तिथे घरापासून लपायला जात होतो.

कारण पावसाळ्यापासून पत्नी पोट दुखतं म्हणत होती आणि मी ओव्याचं पाणी घे सांगून बाहेर पडत होतो. ज्या रविवारी ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, त्या रविवारी मी फोनचा आवाज बंद करून नदीत पाय सोडून बसलो होतो. तिची बहीण फोन करत राहिली, ते मला फार उशिरा कळलं. म्हणून मी मनाशी एक ठरवलं होतं. वज्रेश्वरीला जायचं आणि देवीसमोर बोलायचं, की ही बरी झाली तर सायकल कायमची सोडतो. नवसासाठी कोणी वांगं सोडतं, कोणी पायातली चप्पल सोडतं. मी माझं सगळ्यात लाडकं सोडणार होतो. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटची फेरी म्हणून डांबरी रस्ता टाळला आणि मातीच्या वाटेला लागलो.

थंडीचे दिवस होते. नदीच्या खोऱ्यात उतरलो तसं धुकं दाट होत गेलं. आधी टेकड्या गेल्या, मग झाडं, मग पुढच्या चाकापलीकडचं सगळंच. फोनच्या नकाशावर आखलेली रेघ सांगत होती की सरळ जा. सरळ गेलो तर नवीन पत्र्याचं कुंपण आडवं आलं. कुंपणाच्या कडेकडेने फिरता फिरता दिशाच हरवली. एका ओल्या खाचरात मागचं चाक रुतलं तेव्हा मी बांधावर बसलो आणि रडलो. देवी मला येऊच देत नाही, असं वाटलं. ज्याने घरच्या माणसाचं दुखणं ऐकलं नाही, त्याचं ती का ऐकेल?

धुक्यातून एक बाई आली. हिरवं लुगडं, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी. वयाने माझ्याहून मोठी. माझ्याकडे, मग सायकलीकडे बघून तिने कुठे जायचं आहे ते विचारलं. मी वज्रेश्वरी म्हटलं.

"मग इकडं तोंड करून काय बसलास? देवी तुझ्या पाठीमागं हाय."

ती पुढे, मी सायकल ढकलत मागे. पावलांचा आवाज सोडला तर काही नव्हतं. का कोण जाणे, त्या पाठमोऱ्या बाईला मी सगळं सांगून टाकलं. गाठ, ओव्याचं पाणी, बंद केलेला फोन, नवससुद्धा. तिने डोक्यावरची पाटी सावरली. मग न थांबता म्हणाली, "सायकल घेऊन देवी काय करंल? तिला बसायला वाघ हाय."

कित्येक दिवसांनी मी हसलो. तीही हसली असावी, पाटी जराशी हलली.

नदीपाशी आलो. काठच्या गरम कुंडांची वाफ धुक्यात मिसळत होती आणि पाणी कुठे संपतं, हवा कुठे सुरू होते, कळत नव्हतं. "मी पाय ठेवीन तिथंच ठेव," ती म्हणाली. सायकल खांद्यावर घेऊन मी तिच्या पावलांवर पावलं टाकत गेलो. स्वप्नात चालावं तसा. पलीकडे पोचल्यावर देवळाची घंटा ऐकू आली. तिथे तिने पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. "हे जे मला सांगितलंस ते बायकोला सांग. देवीला ठावं हाय सगळं. तिला न्हाय." एवढं बोलून ती बाजाराच्या वाटेने गेली आणि धुक्याने तिला आत घेतलं.

देवीसमोर उभा राहिलो तेव्हा पाठ केलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. हात जोडले होते, डोळे वाहत होते. मागायचं काही उरलंच नव्हतं. तुला जे करायचं ते कर, मी घरी जातो, एवढंच मनात आलं.

संध्याकाळी पत्नीजवळ बसून सगळं सांगितलं. नवसाचं ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी बरी झाले तर सायकल बंद. आणि मी गेले, तर तुम्ही चालवायला मोकळे?" आणि ती इतकी हसली की पोट धरून बसली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तीही रडली. म्हणाली, मला भीती वाटते हो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मंगळवारचं उत्तर चांगलं नव्हतं. ऑपरेशन झालं, औषधोपचार अजून चालू आहेत, आणि पुढचं डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. नंतर एकदा वज्रेश्वरीजवळच्या गणेशपुरीच्या बाजारात मी त्या बाईची चौकशी केली. भाजीवाल्या बायका हसायला लागल्या. हिरवं लुगडं अन् वालाची पाटी, अशी इथं कोण न्हाय, त्या म्हणाल्या. मी पुढे शोधलं नाही.

ती कोण होती याचा विचार आता करत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या मंगळवारी डॉक्टरांच्या खोलीत माझ्याकडे नवस नव्हता, देवीला दाखवायला काही नव्हतं. दोन्ही हात रिकामे होते, म्हणून कागद उघडला जात असताना मला पत्नीचा हात धरता आला.