विहिरीच्या मातीची खोली

माझे वडील, आबा, मातीच्या भिंती घालायचे. घोडनदीच्या काठच्या आमच्या गावातली बहुतेक जुनी घरं त्यांच्याच हातची. पुढं गावात सिमेंट आलं, स्लॅबची घरं उठू लागली आणि आबांना बोलावणं हळूहळू बंद झालं. ते शेतीत रमले असं आम्ही समजत होतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. आमच्या पत्र्याच्या घरात दुपारी अंगाची काहिली व्हायची आणि आबांना कूसही बदलता येत नव्हती. मी तेव्हा दौंडला शाळेत शिकवत होते. थोरल्या भावानं त्यांच्यासाठी स्लॅबची खोली बांधायचं ठरवलं, भट्टीवर विटाही सांगून आला. आबा अडखळत म्हणाले, "मातीची बांधा. कोळसा जाळून भाजलेली वीट नगं मला."

भावाला ते कमीपणाचं वाटलं. लोक काय म्हणतील, असं तो म्हणत राहिला. मीच हट्ट धरला. पर्यावरण वगैरे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. आजारपणात आबांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं, एवढंच.

दौंडला रेल्वेची जुनी क्वार्टर्स पाडत होते. तिथली कौलं आणि सागवानी वासे मी टेम्पोनं आणले. भावानं आबांना न विचारताच शेतातल्या काळ्या मातीच्या विटा पाडल्या, उन्हात वाळवल्या आणि भिंत कमरेएवढी नेली. आठ दिवसांत तिला उभ्या भेगा गेल्या.

आम्ही आबांची बाज भिंतीजवळ नेली. त्यांनी डाव्या हाताची बोटं भेगेत घातली. "पाडा," ते म्हणाले. "काळी माती पाणी पिती, फुगती आन् उन्हात फाटती."

भाऊ तडक शेताकडं निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र आमची विहीर खणताना निघालेल्या ढिगातली पांढरट माती तो आपणहून घमेल्यात घेऊन आला. आबांनी तिची गोळी वळायला लावली, दिवसभर वाळू दिली आणि संध्याकाळी दाबून पाहिली. फुटली नाही. मग त्या मातीत गव्हाचा भुसा आणि थोडा चुना पडला. रोज बाजेवरून आबा सांगत आणि भाऊ मुकाट्यानं करत गेला.

चैत्र संपता संपता खोली झाली. पहिल्या दुपारी मी आबांना पाणी पाजत होते.

"वीस वरसं मला कुणी बोलावलं न्हाई," ते म्हणाले. "वाटायचं, माझं कामच खोटं व्हतं."

भाऊ दारात उभा होता. आत येऊन तो खाली बसला आणि त्यांचे पाय चेपू लागला.

आबांनी त्या खोलीत दोन उन्हाळे काढले आणि तिथंच शांतपणे गेले. वीटभट्ट्यांचा आणि सिमेंटच्या कारखान्यांचा धूर हवेत किती साठतो, हे मी पुढं कितीतरी वर्षांनी वर्गात शिकवलं. भावानं शेजारी स्लॅबचं घर बांधलंच. पोरांची लग्नं व्हायची होती. पण उन्हाळ्यात जेवण झालं की तो अजून मातीच्या खोलीत जाऊन आडवा होतो. भिंती सारवायला दरवर्षी मी जाते.