कराचीची आग कोणाची

एकाहत्तरच्या लढाईत कराचीच्या तेलाच्या टाक्या नौदलानं पेटवल्या. हे मी पन्नास वर्षं सांगतो आहे आणि यापुढेही सांगणार. आमच्या अमरावतीत माझं म्हणणं खोडणारं कोणी नाही. लोकांच्या लेखी मी नुसता 'मिलिट्रीतला'. जहाजावर होतो म्हटलं की विचारतात, मग बंदूक कुठं ठेवत होते?

त्यामुळे नातीसाठी अकोल्याचं स्थळ आलं आणि मुलाचे आजोबा त्याच लढाईत हवाई दलात होते असं कळलं, तेव्हा मला आनंदच झाला. बायकोला मात्र घाम फुटला. मुलगा नातीनं स्वतःच पसंत केलेला, दोघं पुण्याला एकाच कंपनीत. आता घरच्यांनी बसून साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची होती. अकोल्याला जाताना मूर्तिजापूर येईपर्यंत बायको मला एकच गोष्ट सांगत होती, की तिथं जाऊन आग लावू नका.

मी लावली नाही. पोहे संपायच्या आत मुलाचे आजोबाच म्हणाले, की कराचीच्या टाक्या आमच्या विमानांनी सकाळीच पेटवल्या होत्या, नौदल रात्री गेलं ते त्या उजेडात वाट शोधत. मी कप खाली ठेवला आणि क्षेपणास्त्रांपासून सुरुवात केली. त्यांनी टेबलावर बशा मांडून समुद्रकिनारा दाखवला, मी त्या बशा हलवल्या. माझा आवाज चढला. त्यांचा मुळातच चढलेला होता, सगळी नोकरी विमानांच्या आवाजात गेलेली. मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. आमच्या सूनबाईनं पर्स मांडीवर घेतली, म्हणजे उठायची तयारी. जुळलेलं मोडायला आलं आहे हे मला दिसत होतं. पण इतक्या वर्षांनी तोलामोलाचा माणूस भेटला होता, थांबवेना.

शेवटी नातच बोलली.

"आबाजी, तुमी दोघायनं ती आग पायली काय?"

मी हातातली बशी सोडली. त्या रात्री मी जहाजाच्या पोटात, इंजिन रूममध्ये होतो. वरून कोणी तरी ओरडून सांगितलं तेव्हा माझी नजर दाबाच्या काट्यावर होती. आम्ही खालच्या खालीच नाचलो. दिसलं काहीच नाही.

"मी तं जमिनीवरच होतो," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "बॉम्ब भरून देणं आमचं काम. विमान वापस आलं का शिडी लावाची, पायलटले उतरवाचं. एक दिवस आमचं विमान आलंच नाही. सांज झाली. मले म्हणे, शिडी ठेवून दे आता. मी तं धरूनच उभा होतो."

 मला आमचं जहाज बंदराला लागलं तो दिवस आठवला. आम्ही सगळेच्या सगळे उतरलो होतो, एकमेकांना ढकलत, हसत. 

"भाऊ, ती आग तुमचीच," मी म्हणालो.

साक्षगंध थाटात झालं. नातीसाठी यांनी माघार घेतली, असं बायको अजून सगळ्यांना सांगते. तसं नाही. नातीसाठी मी फार तर गप्प बसलो असतो.