धुतलेली चुंबकं

सोलापुरात आल्यावर पहिले कितीतरी महिने मला रस्ता विचारायचीही भीती वाटे. माझं माहेर-सासर दोन्ही गोंदियाकडचं, शाळा आठवीतच सुटलेली. नवऱ्याला टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही इतक्या लांब येऊन भवानी पेठेत खोली घेतली. पुढे तिथले माग आठवड्यातले निम्मे दिवस बंद राहू लागले. तेव्हा शेजारच्या अक्का मला त्यांच्याबरोबर भंगाराच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. त्या नसत्या तर आम्ही कधीच गाव गाठलं असतं.

अक्का विणकर घरातल्या, घरी तेलुगू बोलायच्या. मला ‘चेल्ली’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. पहिल्याच दिवशी त्यांनी साऱ्या बायकांना ओरडून सांगितलं, “हिचं बोलणं ऐका की! भांडली तरी गाणं म्हणल्यागत वाटतंय.”

शेडचे मालक शुक्रवार पेठेतले एक व्यापारी. आम्ही सगळ्याच त्यांना अण्णा म्हणायचो. जुने कॉम्प्युटर फोडायचे, तांबं वेगळं, लोखंड वेगळं, प्लास्टिक वेगळं, असं ते काम. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये चंद्रकोरीसारखी दोन चकचकीत चुंबकं असतात. ती लोखंडाला चिकटतात, म्हणून आम्ही ती लोखंडाच्या ढिगातच टाकायचो. मग एका कॉलेजातल्या मॅडम आल्या आणि त्यांनी ती चुंबकं बाजूला ठेवायला लावली.

मॅडम जमिनीवर आमच्यासोबत बसून सांगायच्या. या चुंबकात एक दुर्मिळ धातू असतो. विजेच्या गाड्यांना, पवनचक्क्यांना तो लागतो, आणि आपल्याला तो बाहेरून आणावा लागतो. युरोपातल्या एका देशाचीही तीच अडचण. तिथल्या प्रयोगशाळेला जुन्या चुंबकातून नवं चुंबक करायची रीत जमली होती. म्हणून दोन्ही सरकारांनी मिळून पैसा काढला होता. त्यांच्या माणसांचा खर्च त्यांनी करायचा, आपल्या माणसांचा आपण, पण काम मात्र दोघांनी एकत्रच करायचं. त्यांची प्रयोगशाळा, मॅडमचं कॉलेज आणि आमची शेड असे तीन भागीदार. पैसा टप्प्याटप्प्याने येणार होता, आणि पहिला टप्पा आमच्याकडून तिकडं जायच्या चुंबकांच्या नमुन्यावर अडला होता. नमुना पास झाला तर शेडला चुंबक सोडवायचं यंत्र मिळणार होतं आणि आमची नावं हजेरीपटावर लागणार होती.

“न्हाय झाला तर?” अक्कांनी विचारलं.

उत्तर अण्णांनी दिलं. “तर शेड टायरवाल्याला भाड्यानं. नुसत्या कॉम्प्युटरवर आता भागत न्हाय, अक्का. उगं आशेवर ठेवत न्हाय तुमाला.”

त्या दिवसापासून मी घरी रोज तेच तेच बोलायची. नवरा म्हणायचा, “होईन नं सगळं बरोबर.” पण तोही गावच्या गाड्यांचं वेळापत्रक बघू लागला होता.

स्क्रूड्रायव्हर घालून आम्ही चुंबकं सोडवत होतो. बोटं चिमटायची, कोपरे तुटायचे. अखेर बादली भरली. कचरा देशाबाहेर धाडायचा तर सरकारची परवानगी लागते. मॅडमनी खेटे घालून ती मिळवली होती, तीही एवढ्याच नमुन्यापुरती. सोमवारी त्या येऊन डबा बंद करणार होत्या.

सोमवारी मी शेडवर पोचले तर अक्का आणि दोघीजणी नळापाशी बसलेल्या. अक्कांनी घरून चिंच कोळून आणली होती. चिंच आणि मीठ लावून, तांब्याचे गडू घासावेत तशी त्या एकेक चुंबक घासत होत्या. धुतलेली उन्हात जुन्या साडीवर पसरलेली. ती आपापसात जाऊन चिकटायची आणि बायका हसायच्या. एका चुंबकाने अक्कांच्या पदराची पिनच ओढून घेतली.

“बघ चेल्ली, पदर ओढतंय! वय बघून तरी ओढावं की!”

मीही कोरडी करायला बसले. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. लोखंडी डब्याला अक्कांनी हळद-कुंकूही लावलं.

मॅडम आल्या आणि साडीजवळ थबकल्या. एक कोपरा तुटलेलं चुंबक उचलून त्यांनी अंगठ्याने चोळलं. अंगठा तांबूस झाला.

“हे पाण्यात घातलं?”

“नुसत्या पाण्यात न्हाय, मॅडम. चिंच-मीठ लावून. परक्याच्या घरी जाणार, तसंच माखलेलं पाठवायचं व्हय?”

मॅडम ओल्या फरशीवरच बसल्या. वरचं चकचकीत कवच शाबूत असेल तर काही होत नाही, त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण तुटल्या जागी पाणी आणि मीठ शिरलं की आतला धातू सडायला लागतो. आणि त्या लोकांना तर डिंक, तेल, धूळ सगळ्यासकटच बघायचं होतं. कारखान्यात माल तसाच येणार. हे सांगायचं त्यांना सुचलंच नव्हतं. चुंबक कुणी धुवेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

अक्कांच्या हातातून चिंचेचा कोळ गळत होता. त्यांनी हात पुसलासुद्धा नाही.

तेवढ्यात अण्णा आले. ऐकून घेऊन म्हणाले, “पाठवून द्या की. तिकडं कोण बघतंय?”

“अण्णा, तिकडं ते फक्त बघायलाच बसलेत,” मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, “नमुन्याबरोबर लिहून द्यावं लागतं, कुठून आला, त्याचं काय काय केलं. खरं लिहिलं तर बहुतेक नाकारतील. काय लिहू?”

त्या अण्णांकडे बघत नव्हत्या, अक्कांकडे बघत होत्या. मला वाटलं, अक्कांनी खरं लिहू नका म्हणावं. देवाशप्पथ मला तसंच वाटलं.

“मी धुतलं म्हणून लिवा,” अक्का म्हणाल्या. “पोरींची नावं नगं. चांगलं दिसावं म्हणून धुतलं, हेबी लिवा.”

मॅडमनी तसंच लिहिलं.

नमुना नाकारला गेला. पण काय झालं ते आधीच कळवलं होतं, म्हणून आणखी एक नमुना घ्यायला ते लोक तयार झाले. तोपर्यंत पैसा थांबला, आणि परवानगीसाठी मॅडमना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. अण्णांनी निम्म्या शेडमध्ये टायर भरून घेतले. अक्का परत आपल्या जुन्या कामाला, विड्या वळायला बसल्या. मला वळता येईना, म्हणून मी त्यांना पानं कापून देऊ लागले. तेंदूची ती पानं आमच्याकडच्या जंगलातली. पुडकं सोडलं की गावचा वास यायचा आणि मला रडू यायचं. त्या दिवसांत अक्का चुंबकाचं नावही काढत नव्हत्या.

पावसाळा सरता सरता परवानगी आली. मी बोलवायला गेले तर अक्का म्हणाल्या, “तू जा. माजा हात लागला की इस्कटतंय.” आम्ही बाकीच्यांनी चुंबकं काढली, न पुसता, धुळीसकट डब्यात भरली. मग पुन्हा वाट बघणं. एका दुपारी मॅडमचा फोन आला. नमुना पास झाला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः अक्कांच्या दारात आले. मी तिथंच पानं कापत होते. अक्कांनी मान वर केली नाही.

“टायरवाल्याला जागा सोडायला सांगितलंय, अक्का. हजेरीपटावर पयलं नाव तुमचं घातलंय.”

“कशाला? परत धुवून ठेवीन सगळं.”

“धुवा की, माजं डोकं धुवा. पण या. पोरी माजं ऐकत न्हाईत.”

अक्का वळतच राहिल्या. “सुपातली पानं संपू द्यात,” एवढंच म्हणाल्या.

अण्णा पायरीवर बसले. एवढा मोठा व्यापारी, पांढऱ्या कपड्यांत, रस्त्याकडे तोंड करून. अक्का नेहमीपेक्षा सावकाश वळत होत्या. शेवटची विडी बांधून झाल्यावर त्यांनी मांडीवरचा तंबाखू झटकला, सूप भिंतीला लावलं आणि मला म्हणाल्या, “ऊठ चेल्ली. टायरनी किती घाण केलीया ते बघून येऊ.”

मी त्यांच्या मागून निघाले. वाटेत नवऱ्याला फोन करून सांगितलं, गावच्या गाडीचं आता बघू नका.